वरच्या विहिरीचा निकाल

"ऐका हो ऐका! वरच्या विहिरीचा निकाल आज चार वाजता, मारुतीच्या देवळात! हरकत असंल त्यानं यावं होऽऽ!"

कोंडीबा हलगी बडवत ओरडत होता. पण कुठं? विणकरांच्या पेठेबाहेरच्या ओसाड माळावर!

तिथं खेळणाऱ्या धुळानं विटी-दांडू टाकला. "अगं गोजा, हा दवंडी कुणाला देतोय? बाभळींना?"

गोजा खो खो हसली. नागव्वा मात्र हसली नाही. मे महिन्याची सुट्टी लागल्यापासून ती तशी हसतच नव्हती. गेल्या उन्हाळ्यात पंचांनी कुणाला न विचारता वरची विहीर बंद ठेवली, खालच्या विहिरीच्या पाण्यानं पटकीची साथ आली आणि पेठेतली अकरा माणसं गेली. त्यात तिची आई होती.

ती धावत पुढं गेली. "कोंडीबाकाका, वरच्या विहिरीचं काय?"

कोंडीबानं मान खाली घातली. "पंचप्रमुख महिपतरावांच्या पुतण्याला सूत रंगवायचा कारखाना काढायचाय. ती विहीर त्याला द्यायची. पेठेनं खालचं पाणी प्यायचं."

"खालचं?" गोजा किंचाळली.

"पंचांनी ठरवायच्या आधी दवंडी द्यायला लागती. महिपतराव म्हणाले, माळावर दे. दिली म्हणजे झालं!"

"मग आता पेठेत चला की!"

"माझी भाकरी जाईल, पोरी."  कोंडीबानं हलगी बाभळीखाली ठेवली. "मी पाणी पिऊन येतो. हलगी हितंच हाय."

तो वळला मात्र, धुळानं हलगी उचलली!

तिघं गल्लीगल्लीतून पळत सुटली. धुळा बडवत होता, पोरी घसा फाडून ओरडत होत्या. "वरची विहीर चालली! देवळात चलाऽऽ!" एकेका घरातली मागांची खटखट थांबली. काशम्मा दारात आली. तिची दोन्ही मुलं पटकीनं नेली होती. तिनं काही विचारलं नाही, फक्त काठी घेतली.

देवळात महिपतराव वाचत होते, "हरकत कुणाचीच नाही..."

"आमची हाय!" मागून शंभर आवाज उठले.

महिपतराव दचकले. "दवंडी दिली होती! तेव्हा कुठं होता?"

"माळावर दिली!" नागव्वा ओरडली. "आम्ही तिघांनीच ऐकली!"

"पोरं खोटं बोलतात! कोंडीबा, सांग यांना!"

दारात उभा असलेला कोंडीबा पुढं आला. "माळावरच दिली. तुमीच सांगितलं व्हतं."

"उद्यापासून तुझं काम बंद!"

तेवढ्यात म्हातारे पंच सिद्धलिंगप्पा उठले. "विहीर देऊ नये असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करा." सारं देऊळ हातांनी भरलं. काशम्मा मात्र खांबाला टेकून रडत होती. "हे गेल्या वर्षी विचारलं असतं तर..." ती म्हणाली.

शेवटी सिद्धलिंगप्पांनी पोरांना जवळ घेतलं. "शाबास! आम्हा थोरांचं काम तुम्ही केलंत."

"आणि कोंडीबाकाका?" नागव्वानं विचारलं.

"ते पंच ठरवतील!" महिपतराव गुरगुरले. "त्यात तुमचं काय?"

"तेही सगळ्यांना विचारा की!" नागव्वा म्हणाली. "कोंडीबाकाकांना कामावर ठेवायचं, त्यांनी हात वर करा!"

काशम्मानं डोळे पुसले, काठी खांबाला लावली आणि सर्वांत आधी हात वर केला.