चिनहटचा कॅमेरा

हे ज्याच्या बाबतीत घडलं तो माझा सख्खा मावसभाऊ. तेव्हा मी तिखटमीठ लावून सांगतोय असं कुणाला वाटत असेल, तर त्याने खुशाल इथेच वाचणं थांबवावं. मी कुणाच्या पाया पडणार नाही.

साल २०१२. लखनौ. मे महिन्यातला रविवार.

आणि हो, रात्र नव्हती. भर दुपार होती. गरम वाऱ्याची लू अशी सुटलेली की रस्त्यावर चिटपाखरू नाही.

सत्यजित रेल्वेत सिग्नल इंजिनिअर. तो आणि त्याची बायको मंजिरी गोमती नगरात राहायचे. त्याची मोठी बहीण नयनाताई तिकडे शहराच्या कडेला चिनहटला, एकटी. यजमान गेलेले, मुलगा परदेशात. ताईचा कॉम्प्युटर सारखा रुसायचा आणि दर वेळी सत्यजितला स्कूटर काढावी लागायची. शेवटी कंटाळून त्या पठ्ठ्याने दोन्ही घरांत व्हीपीएन बसवलं. म्हणजे इंटरनेटवरून दोन घरं जोडणारी खासगी वाट. घरबसल्या ताईचा कॉम्प्युटर उघडायचा, दुरुस्त करायचा, काम फत्ते!

शनिवारी ताईकडचं काम उरकलं. रविवारी दुपारी तो बाहेरच्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसला. ताईच्या कॉम्प्युटरचा नंबर टाकला. पासवर्ड टाकला.

उघडला!

"मंजू, बघ गं, चिनहट घरात आणलं!"

"आधी जेवायला या, साहेब," स्वयंपाकघरातून उत्तर आलं.

त्याने कॅमेरा चालू केला...

काळोखी खोली. पडदे ओढलेले. भिंत आणि पलंगाचा कोपरा, एवढंच.

मग भिंतीवर काहीतरी आपटलं.

बाई होती. अंगात चिकनकारीचा पांढरा गाऊन. नणंद-भावजयीने चौक बाजारातून एकसारखे आणलेले, त्यातलाच. तिचे केस कुणी मुठीत धरून ओढावेत तसे ताणलेले...

आणि धरणारं कुणीच नव्हतं.

डोकं पुन्हा भिंतीवर आदळलं. पुन्हा. पुन्हा. भिंतीवर काळा डाग पसरला. तिचा हात मागे पिरगळला आणि कोपरातून उलटा वळला. आवाज काहीच नाही. नुसतं चित्र.

सत्यजितला उठायचं होतं. पण तो डोळे फाडून बघत राहिला. किती वेळ, ते त्यालाही सांगता येत नाही.

मग एकदम भानावर आला आणि अनवाणीच धावत सुटला.

"अरे, कुठे? पोळी तव्यावर आहे!" मंजिरी उलथनं घेऊन दारात आली.

"ताईला मारतायत!"

फैजाबाद रोडवर त्याने स्कूटर कशी हाकली देव जाणे. ताईच्या बेलवरचं बोट काढलंच नाही.

दार उघडलं... आणि समोर नयनाताई. हातात कलिंगडाची फोड.

"अगंबाई! या उन्हात अनवाणी? काय झालं रे?"

ताई चांगली धडधाकट होती. सत्यजितला तर रडूच कोसळलं.

"ताई, तुझा कॉम्प्युटर..."

"तो बंद आहे. काल संध्याकाळी धुळीची आंधी आली ना, तेव्हाच प्लग काढला. तुझं ते नवं इंटरनेटचं खोकं तेवढं चालू आहे बाबा. त्याला मी हात लावला नाही."

सत्यजितची नजर त्या खोक्यावर गेली.

दोन्ही घरांत एकाच कंपनीचं खोकं. घरातल्या कॉम्प्युटरना नंबर देतं तेच, आणि दोन्हीकडे तेच ते नंबर. एका घरातले बदलायला हवे होते. इतक्या गाड्यांचे सिग्नल सांभाळणारा माणूस, नेमकं तेवढंच विसरला! दोन घरांचा पत्ता एकच असला की पोस्टमन जवळच्या घरात टपाल टाकणार. तसंच झालं. चिनहट उघडलंच नव्हतं. उघडला होता त्याच्याच घरातला, मागच्या खोलीतला जुना कॉम्प्युटर. पासवर्डही त्याने सवयीने दोन्हीकडे एकच ठेवलेला.

म्हणजे ती भिंत त्याच्याच घरातली...

पण मंजिरी तर उलथनं घेऊन दारात उभी होती!

त्याने फोन लावला.

"बोल. ताई बऱ्या आहेत ना?"

"मंजू, कुठेयस तू?"

"मागच्या खोलीत. अंघोळ केली, गाऊन घातला, आता जरा आडवी होते. अरे, तो जुना कॉम्प्युटर तू चालू ठेवलास का? त्याच्या कॅमेऱ्याचा दिवा..."

"बाहेर पड! आत्ताच्या आत्ता!"

"कोण आहे?"

हे ती त्याला विचारत नव्हती.

मघाशी जे नुसतं दिसलं होतं, ते आता कानांनी ऐकू आलं. डोकं आदळल्याचा आवाज. पुन्हा. पुन्हा. हाड मोडल्याचा आवाज. आणि सगळा वेळ मंजिरी त्याचं नाव घेऊन किंचाळत होती.

तो पोहोचला तेव्हा दाराला आतून कडी. शेजारच्या विनयने आणि त्याने मिळून दार फोडलं.

"भैया, हमें तो कूलर के शोर में कुछ सुनाई ही नहीं दिया," विनय रडकुंडीला आला होता.

घरात दुसरं कुणीही नव्हतं. पलंगावर केसांचा पुंजका, मुळासकट. भिंत रक्ताने माखलेली. मंजिरी खाली पडलेली, हात कोपरातून उलटा.

जगली. दवाखान्यातून सुटली आणि थेट नागपूरला माहेरी गेली. पोलिसांनी सत्यजितलाच उलटसुलट विचारलं, पण तो त्या वेळी ताईकडे होता. मारणारं कोण, ते आजतागायत कळलेलं नाही.

मी त्याच्याबरोबर नागपूरला गेलो होतो. त्याने तिला विचारलं, "मंजू, कोण होतं?"

"जो मारत होता तो नाही दिसला," ती म्हणाली. "तू दिसत होतास. त्या कॉम्प्युटरवर, तुझा चेहरा. मी हाका मारत होते, हात पुढे करत होते. तू नुसता बघत बसला होतास. आणि मग उठून निघून गेलास."

खोटं काहीच नव्हतं त्यात.

मंजिरी परत आली नाही. सत्यजित मला अजून फोन करतो आणि एकच विचारतो. चिनहटला न धावता मी नुसतं मागच्या खोलीचं दार ढकललं असतं तर?

मी दर वेळी विषय बदलतो.