सुखदिवा आणि कल्ल्यांतले कृमी

पेजेचा चमचा विलासच्या ओठांशी नेताना हेमांगी खवणेकर त्याच्या तोंडाकडे बघत नव्हती. ती त्याच्या मनगटाकडे बघत होती. मनगटावरच्या पट्टीत हरभऱ्याएवढा दिवा होता आणि तो हिरवा होता. हिरवा म्हणजे पेज कढत नाही, घशाशी अडकत नाही, माणूस सुखात आहे. तिने पुढचा चमचा भरला.

विलास, तिचा नवरा, पूर्वी स्वतःच्या होडीवर जायचा. पक्षाघाताच्या झटक्यात त्याची उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. आता त्याच्या गळ्यातून एकच आवाज यायचा, ‘अं’. भूक लागली तरी अं, पोट भरलं तरी अं. सुरुवातीला हेमांगी दिवसभर त्याला विचारत बसायची, पाणी होया काय, पंखो लावू काय. तो पापण्या मिटायचा, उघडायचा. त्यातली कुठली ‘हो’ आणि कुठली ‘नाही’, हे तिला उमगत नसे. मग जिल्ह्याच्या इस्पितळातून ही पट्टी मिळाली. ती नाडीचे ठोके, कातडीवरचा घाम आणि स्नायूंची बारीक थरथर मोजते आणि त्यावरून माणसाला बरं वाटतंय की त्रास होतोय ते ठरवते. हिरवा, पिवळा, तांबडा. कंपनीने तिला लांबलचक नाव दिलं होतं. किनाऱ्यावरच्या लोकांनी तिला सुखदिवा म्हटलं आणि तेच नाव राहिलं.

दिवा आल्यापासून हेमांगी निर्धास्त झाली होती. विचारायची गरज उरली नव्हती. फक्त एक गोष्ट तिच्या मनात टोचत होती. व्यायाम शिकवणारी बाई येऊन विलासचा उजवा हात खांद्यातून वर उचलायची तेव्हा दिवा तांबडा व्हायचा, हात खाली ठेवला की हिरवा. काही वेळा तिने पाहिलं, मग बाईंना येऊ नका म्हणून सांगितलं.

“हात हलवला नाही तर खांदा आखडून जाईल हो,” त्या बाई म्हणाल्या होत्या.

“आखडूंदे. तांबडो दिवो माका बघवत नाय.”

पेज संपली. हेमांगीने विलासचं तोंड पुसलं, शेजारणीला हाक मारून त्याच्याकडे लक्ष ठेवायला सांगितलं आणि ती खाडीकाठच्या शेडवर निघाली.

शेडमध्ये गावातल्या बायकांचा गट विदूषक मासे वाढवायचा. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले हे मासे शहरांतल्या दिवाणखान्यांत काचेच्या टाकीत जातात. त्यांना समुद्राचंच पाणी लागतं आणि जपणूकही तशीच लागते. इथेही प्रत्येक टाकीवर सुखदिवा होता. पाण्यात सोडलेली त्याची तार माशाच्या कल्ल्यांतून आणि स्नायूंतून निघणारी अगदी मंद वीज टिपायची. घेणारे लोक आधी दिव्याचा रंग विचारत. तांबड्या दिव्याच्या टाकीतला मासा कोणी घेत नसे.

सुगंधा गिरकर टाकीच्या काचेला नाक लावून उभी होती. हेमांगीपेक्षा ती वयाने लहान, पण बोलायला पुढे.

“वैनी, ह्या बघ. दिवो हिरवो आणि मासो मडक्याक अंग घासता.”

टाकीत अंडी घालण्यासाठी ठेवलेल्या मातीच्या मडक्यावर एक मादी कूस घासत होती. तिचे कल्ले भराभर उघडमीट करत होते. खाणं टाकलं तर तिने तोंडात घेतलं आणि थुंकून टाकलं.

“अंगाक खाज सुटली आसतली,” हेमांगी म्हणाली.

“मग दिवो पिवळो तरी होवक होयो मगो? तुझ्या घोवाचो दिवो मिनटामिनटाक खरां सांगता, आणि हो?”

हेमांगीने घमेल्यात विहिरीचं गोडं पाणी घेतलं, त्यात खायच्या सोड्याची चिमूट टाकली आणि ते टाकीच्या पाण्याइतकंच कोमट होईपर्यंत ती थांबली. मग नारळाच्या करवंटीने मादीला अलगद उचलून गोड्या पाण्यात सोडलं. जाळं त्या वापरत नसत, जाळ्याने माशाच्या अंगावरची बुळबुळ खरवडून जाते.

मादी कुशीवर कलंडली.

“मेली काय गे?”

“नाय गे. गोड्या पाण्यात सगळीच अशी पडतत. गप बघ.”

थोड्या वेळाने मादीच्या अंगावर पांढरे ठिपके उमटू लागले. ठिपके तिथे आधीपासूनच होते. खाऱ्या पाण्यात ते काचेसारखे आरपार असल्याने दिसत नाहीत. गोडं पाणी सोसत नाही म्हणून ते पांढरे पडतात आणि गळतात. कल्ल्यांतून, कुशीवरून, डोळ्यांच्या कडेवरून ते सुटत गेले. घमेल्याच्या तळाशी तांदळाच्या कण्या सांडाव्यात तसं झालं. ते चपटे कृमी होते. माशाच्या अंगाला आकड्यांनी चिकटून त्याच्या कातडीवर जगणारे.

“आई गे!” सुगंधा मागे सरली. “इतके दिवस ह्ये आमच्या माशांक खाय होते आणि दिवो हिरवो!”

त्या दिवसापासून दोघींनी मोठ्या टाकीवर उपचार सुरू केला. गोड्या पाण्याने अंगावरचे कृमी जातात, पण त्यांची अंडी बारीक धाग्यांनी जाळीला, मडक्याला, नळीला चिकटून राहतात. अंड्यांना कुठलंही औषध लागू पडत नाही. म्हणून कृमिनाशक औषध पाण्यात घालायचं, हवेचे बुडबुडे वाढवायचे कारण औषधाने माशांना श्वास कमी पडतो, मग अंडी फुटून पिल्लं बाहेर येईपर्यंत धीर धरायचा आणि ती मोठी होऊन पुन्हा अंडी घालायच्या आत औषधाची दुसरी पाळी द्यायची. मधल्या काळात दोघींनी मडकी उकळली, नळ्या उन्हात वाळवल्या. टोकाच्या छोट्या टाकीला मात्र हात लावला नाही. तिथल्या मादीने नुकतीच अंडी घातली होती आणि तिला त्रास द्यायला नको होता.

दुसरी पाळी झाल्यावर हेमांगीने दोन-तीन मासे पुन्हा गोड्या पाण्यात धरून पाहिले. तळाशी एकही कणी पडली नाही. मासे खाण्यावर तुटून पडत होते. कल्ले संथ झाले होते. मडक्याला कोणी अंग घासत नव्हतं.

आणि टाकीवरचा दिवा तांबडा झाला होता.

सुगंधाने दिवा बंद करून चालू केला. तांबडा. पाणी बदललं. तांबडा. मग तिने टोकाच्या टाकीवरचा दिवा काढून इथे लावला आणि इथला तिथे. इथे आलेला दिवा तांबडा झाला, तिथे, औषध न घातलेल्या पाण्यात गेलेला हिरवा.

“म्हणजे दिवो बिघडूक नाय,” ती म्हणाली. “मासे बिघडले. किडे होते तेवा सुखात, किडे गेले तेवा दुःखात. आता काय बाजारातसून किडे इकत आणून घालू तेंका?”

बायका हसल्या. हेमांगीही हसली, पण घरी जाताना तिला रस्ता लांब वाटला. घरी विलासचा दिवा हिरवा होता. रोज त्या हिरव्याकडे बघून तिचा जीव भांड्यात पडायचा. आज तिने त्याच्या मनगटाकडे बघितलं, मग तोंडाकडे, मग परत मनगटाकडे, आणि तिला कुठे बघावं तेच कळेना.

कंपनीची अभियंता अंजुम मुकादम रत्नागिरीहून आली. इस्पितळातले दिवे आणि शेडमधले दिवे, दोन्हींची देखभाल तिच्याकडेच होती. हेमांगीच्या घरी पट्टी बसवायला तीच आली होती, तेव्हापासून ती हेमांगीला काकी म्हणायची. तिने पाण्यातलं मीठ तपासलं, अमोनिया तपासला, प्राणवायू तपासला. सगळं ठीक होतं. मग स्टुलावर बसून ती बराच वेळ माशांकडे बघत राहिली.

“काकी, मासे तर मस्त दिसताहेत.”

“मग तांबडो कित्या?”

“मलाही तेच कळत नाहीये.” तिने खरोखर कपाळावर हात मारला. “थांबा, जिथे दिव्याला शिकवलं त्या केंद्रात विचारते.”

“शिकवलां? दिव्याक?”

“हो. दिव्याला जन्मतः काही कळत नाही. त्याला हजारो मासे दाखवले. हे शांत आहेत, हा हिरवा. हे घाबरलेत, हा तांबडा. असं सांगून सांगून तो शिकला.”

अंजुम बाहेर जाऊन फोनवर बोलत राहिली. आत सुगंधाने चहा गाळला, तो निवला, तरी ती आली नाही. आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

“शिकवायचे मासे सगळे एकाच खडकाळ पट्ट्यातून पकडून आणले होते,” ती म्हणाली. “निवांत पोहत होते म्हणून त्यांना शांत म्हटलं. त्यांच्या कल्ल्यांत काय आहे ते कोणी बघितलं नाही. आता त्याच साठ्यातले उरलेले मासे त्यांनी गोड्या पाण्यात धरले.”

“कण्या पडल्या?” हेमांगीने विचारलं.

“सगळ्यांच्या.”

सुगंधाने कप खाली ठेवला. “म्हणजे किडो लागलेल्या माशाची धडधड हो दिवो सुख म्हणून शिकलो?”

“तसं असेल. कृमी नसलेला मासा त्याने कधी पाहिलाच नव्हता. त्यामुळे निरोगी मासा त्याला वेगळा दिसतो आणि वेगळा म्हणजे त्रासात, असं तो धरतो.” अंजुम थांबली. “किंवा दिवा बरोबरही असू शकेल. एवढे दिवस जे अंगाला चिकटलेलं होतं ते एकदम गेलं, तर मासा आतून बिथरत असेल. वरून खातो, पोहतो, पण आत काय चाललंय? माशाला विचारता तर येत नाही.”

“ह्यातला खरां काय?”

“मला माहीत नाही, काकी.”

हेमांगीने पदराने हात पुसले. ओले नव्हते तरी पुसले.

“बाय, माणसाचो दिवो कोणाक बघून शिकलो?”

अंजुमने हातातला फोन पिशवीत ठेवला.

“इस्पितळातल्या माणसांना बघून,” ती म्हणाली. “अंथरुणाला खिळलेल्या. ज्यांना बोलता येत नव्हतं अशाच माणसांसाठी दिवा हवा होता, म्हणून तशीच माणसं घेतली. जी कण्हत नव्हती, तळमळत नव्हती, ती शांत, असं धरलं.”

“कण्हत नव्हती म्हणजे दुखत नव्हतां?”

“तसं... धरलं.” तिने मान खाली घातली. “महिनोन् महिने एका कुशीवर पडलेली माणसं होती काकी ती. सांधे आखडलेली. त्यांचं अंग कशाला सुख समजायला लागलं होतं, कोण जाणे. मी वर कळवते. तपासायला लावते. पण आज तुम्हाला मी हिरव्यावर विश्वास ठेवा म्हणू शकत नाही आणि ठेवू नका असंही म्हणू शकत नाही.”

हेमांगी उठली. चहा तसाच राहिला.

“वैनी, मी येव काय?” सुगंधाने विचारलं.

“नको. तू अंडी घातलेल्या मादयेकडे बघ.”

घरी दुपारचं ऊन ओटीवर आलं होतं. शेजारीण उठून गेली. विलास उशांना टेकून होता, डोळे छताकडे. दिवा हिरवा.

हेमांगी त्याच्या उजव्या बाजूला बसली. व्यायामाच्या बाई कुठे हात धरायच्या ते तिने आठवलं. एक हात खांद्याखाली, एक कोपराला. तिने खांदा चाचपला तर तो लाकडासारखा घट्ट लागला. इतके महिने ती हा खांदा रोज पुसत होती, पण तो हाताला असा लागत असेल याकडे तिचं लक्षच गेलं नव्हतं.

“ओ,” ती म्हणाली, “मी हात उचलतंय हां.”

तिने हात थोडा वर केला. दिवा पिवळा झाला. आणखी थोडा वर केला. दिवा तांबडा झाला आणि तांबडाच राहिला.

सवयीने तिचे हात खाली येऊ लागले. मग ते थांबले. आज आल्यापासून ती दिव्याकडेच बघत होती, हे तिच्या लक्षात आलं. तिने मान वळवली. विलासचे डोळे आता छतावर नव्हते, तिच्यावर होते. त्यांत पाणी होतं. ओठ हलले. “अं,” तो म्हणाला आणि पुन्हा, जरा मोठ्याने, “अं.” तोच आवाज. भुकेला असायचा तोच, पोट भरल्यावर असायचा तोच.

डाव्या हाताने, ज्या हाताला अजून थोडी ताकद होती, त्याने तिचं मनगट पकडलं. तिला कळेना की तो तिचा हात खाली ढकलतोय की वर धरून ठेवतोय. तिने डोळे मिटून फक्त त्या बोटांचा दाब समजून घ्यायचा प्रयत्न केला. दाब दोन्हीकडे होता.

तिने हात सोडला नाही, खालीही नेला नाही. कित्येक महिन्यांत विचारलं नव्हतं तसं, त्याच्या तोंडाजवळ वाकून तिने हळूच विचारलं,

“दुखता काय ओ? की... खांदो सुटता?”