खड्ड्यातला अश्विन

“ओ मॅडम, जरा पाय उचला. तुमच्या चपलेखाली माहा दुसरा अंक आहे.”

आवाज थेट जमिनीतून आला, म्हणून मी दचकून खाली पाहिलं. रंगमंचाच्या पुढच्या कडेला प्रॉम्प्टरसाठी खणलेल्या खड्ड्यात एक मुलगा उभा होता. छातीपर्यंत मातीत, आणि वर नुसता चष्मा, विस्कटलेले केस आणि... हसू. आगाऊ हसू.

मी पाय उचलला नाही. “कोण तुम्ही?”

“अश्विन. चिखल्याच्या मँगनीजच्या खाणीतून ट्रक निघतात ना, त्यायच्या वजनकाट्यावर असतो. तुमचा प्रॉम्प्टर पळाला, तं हिरालालभाऊनं मले इथं गाडलं.”

“मग गाडलेलेच राहा.”

“राहतो ना. पण पाय—”

आता प्रॉम्प्टरशी भांडण म्हणजे ताटाशी भांडण. आमच्या झाडीपट्टीत धान कापून झालं की गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा, भरतात, नाटकं लागतात, आणि तालमींना कुणाला फारसा वेळ नसतो. नट दिवसा आपापल्या पोटामागे. म्हणून खड्ड्यातला माणूस वाक्य पुटपुटतो आणि आम्ही ते उचलून रडतो, हसतो, मरतो. मी तर आंधळगावच्या कोसा रेशीम विणणाऱ्या घरातली. सकाळी मागावर बसायचं ते उन्हं कलेपर्यंत. पाठांतर कधी करणार?

अश्विनचं तर माझ्याहून अवघड होतं. तो सिनेमासाठी पटकथा लिहीत होता. एक ट्रक काट्यावरून उतरून दुसरा चढेपर्यंत मोबाइलवर दोन ओळी लिहायचा आणि रात्री घरी त्यांचा प्रवेश करायचा. ओळख वाढली तसा तो प्रवेश मला पाठवू लागला. मी माग चालवता चालवता नायिकेची वाक्यं बोलून त्याला आवाज पाठवायची.

“मोनिका, ती खटखट बंद करून पाठव ना! नायिका रडून राहिली का कापड विणून राहिली, समजतच नाही.”

“दोन्ही करून राहिली. तुझ्या नायिकेले दुसरं काही काम नसते का?”

उत्तर आलं— “आता आहे. मी तिले माग देल्ला.”

मी एकटीच हसत बसले. आई म्हणाली, “धागा तुटला पाह.”

तालमीत मी नाटकातल्या नवऱ्याला म्हणायची वाक्यं खड्ड्याकडे बघून म्हणू लागले. हिरालालभाऊ, म्हणजे आमच्या नाटक कंपनीचे मालक, ओरडायचे, “पोरी, नवरा इकडं उभा आहे!” खड्ड्यातून खोकल्याचा आवाज यायचा. खोटा खोकला.

पण घरी हसण्यासारखं काही नव्हतं. माझे वडील, भैय्यालाल, एका संध्याकाळी माग पुसता पुसता म्हणाले, “आपल्या गावच्या मंडईतलं नाटक मी पाहाले येतो. माही मान खाली गेली, तं त्याच दिवशी तुझं नाटक बंद.” ते एकदा बोलले की पुन्हा बोलत नाहीत. नाटक बंद म्हणजे मग मी कोण, हे मला खरंच ठाऊक नव्हतं.

मंडईत यंदा कमिटीने बायांनाही येता यावं म्हणून दुपारचा प्रयोग ठेवला होता. अश्विन खाणीवरून परस्पर आला. आदल्या दिवशी जोडीदार न आल्याने त्याने त्याचीही पाळी केली होती, मग रात्रभर घरी पटकथेचा शेवट लिहून सकाळी पुन्हा काट्यावर गेला होता. डोळे लालभडक.

“झोपला होता का?”

“झोप अन् मी... आमची बोलचाल बंद आहे सध्या.”

शेवटच्या अंकात माझा नवरा वैनगंगेत बुडून मरतो. त्याच्या प्रेतावर पडून मी हंबरडा फोडायचा आणि मग लांबलचक भाषण. मी धावत आले, गुडघ्यावर बसले, कान खड्ड्याकडे लावला... काहीच नाही.

खाली पाहिलं. अश्विन झोपला होता. गाल संहितेवर, चष्मा नाकाच्या टोकावर, तोंड किंचित उघडं. माझा मेलेला नवरा एक डोळा उघडून बघू लागला. पडद्याआडून हिरालालभाऊ पाय आपटायची खूण करत होते. एक टाच आपटली असती तर तो धडपडून उठला असता, पुढच्या रांगा हसल्या असत्या आणि मला माझी वाक्यं मिळाली असती. पाचव्या रांगेत बाबा ताठ बसले होते.

माझी टाच उचललीच गेली नाही. त्या क्षणी मला स्वच्छ कळलं, माझं या माणसावर प्रेम आहे. इतकं, की त्याची झोप मला माझ्या नाटकापेक्षा महाग वाटली.

मी हंबरडा फोडला नाही. नवऱ्याच्या कपाळावर हात ठेवला आणि हळूच म्हटलं, “उठू नका. आजच्या दिवस झोपा. कामावर कोणी बलावून नाही राहिलं तुम्हाले. लय चालले... आता पाय लांब करा. मी हाय ना जागी.” आणखीही काय काय बोलले. माझे डोळे खड्ड्याकडे होते आणि खरेच वाहत होते. मंडपात बांगडीही वाजली नाही.

पडदा पडला आणि टाळ्यांनी अश्विन जागा झाला. हिरालालभाऊ त्याच्यावर तुटून पडले. तेवढ्यात बाबा पडद्यामागे आले.

“नवरा मेला, तं ओरडली काहून नाही तू?” बाबांनी मला विचारलं.

“भूमिका तशीच बसवली होती भैय्यालालजी,” हिरालालभाऊ घाईने म्हणाले.

‘हो’ म्हटलं असतं तर निभावलं असतं. पण ते मला त्या प्रेमाशी बेइमानी वाटलं. “नाही बाबा. वाक्य सांगणारा झोपला होता. खाणीवरून आला, रातभर लिहून. मले त्याले उठवू नाही वाटलं.”

अश्विनने मान खाली घातली. बाबांनी त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

“पुढचं नाटक कुठं आहे?”

“पवनीले.”

“जाजो,” ते म्हणाले, आणि निघून गेले.

अश्विन जवळ आला. “मोनिका, आता नाही झोपत. पवनीले पाहाजो—”

“पवनीले तू येऊ नको.”

त्याचा चेहरा उतरला. “नाराज आहे?”

“प्रेम आहे तुझ्यावर, म्हणून सांगून राहिली. काटा सुटत नाही, घर चालते त्याच्यावर. लिहिणं सुटलं तं तू राहत नाही. मंग खड्डाच सोड ना.”

“अन् तू? खड्ड्यातूनच तं मले तू दिसते...”

“रविवारी घरी ये. बाबाच्या समोर बस. तिथून पाह मले.”

तो हसला नाही. त्याने माझा हात धरला आणि नुसतं म्हणाला, “येतो.”

पवनीच्या खड्ड्यात दुसराच कुणी होता, खणखणीत आवाजाचा. प्रत्येक वाक्याला मला अश्विनची आठवण आली. शेवटच्या अंकात मी छाती फोडून हंबरडा फोडला, कारण आता त्याची झोप मोडणार नव्हती; त्या रात्री तो दूर चिखल्याला, आपल्या अंथरुणात झोपला होता.