हॉस्पिसमधली स्पंजची काडी

मला गोष्टी रचता येत नाहीत. आयुष्यभर दुसऱ्यांच्याच वाचत आलो. म्हणून जसं घडलं तसंच लिहितोय. तरी चूक माझ्या कानांची असेल, डोळ्यांची असेल... तुम्हीच ठरवा.

गेल्या नोव्हेंबरातली दुपार. जर्मनीतल्या बोब्लिंगेनजवळच्या गावातलं एक हॉस्पिस, शेवटच्या दिवसांतल्या रुग्णांना ठेवतात ती जागा. नाव लिहीत नाही.

माझी बायको मालिनी स्टुटगार्टच्या हॉस्पिटलात होती. डॉक्टरांनी उपचार थांबवले होते. तिचे शेवटचे दिवस कुठे जावेत, ते आम्हाला ठरवायचं होतं. मुलगा मयुरेश मला ती जागा दाखवायला घेऊन गेला.

खोली सुरेख होती. खिडकीबाहेर सफरचंदाचं झाड. आत संत्र्याच्या तेलाचा सुवास.

आणि त्या सुवासाखाली... आणखी एक वास.

न धुतलेल्या तोंडाचा. गोडसर, कुजका.

नर्सबाईंनी एक काडी दाखवली. टोकाला गुलाबी स्पंज. गिळता येईनासं झालं, की ती बुडवून माणसाचं तोंड ओलं करतात.

"आईला आवडेल त्यात बुडवायची म्हणे, बाबा. चहासुद्धा चालतो," मयुरेश म्हणाला.

बाईंनी ती कोरी काडी ग्लासात ठेवली. दोघं बोलत बाहेर गेली.

रिकाम्या पलंगापाशी मी एकटा.

चुक्...

नळ गळत असेल.

चुक्... चुक्...

तान्हं मूल चोखतं तसं. पण तोंड मोठं होतं. बिनदातांचं.

आवाज उशीपाशी होता.

मी ग्लासाकडे पाहिलं. काडी नव्हती.

ती उशीवर होती. स्पंज चघळून चघळून चोथा झालेला. त्यातून पिवळट लाळेची तार लोंबत होती... आणि ती कोणीतरी आत ओढून घेत होतं.

मला हाक मारायचीही लाज वाटली. कोण विश्वास ठेवणार? काडी उचलून कचऱ्यात टाकली. लाळ बोटांना लागली.

कोमट होती.

बोटं रुमालाने खसाखसा पुसली, रुमाल कोटाच्या खिशात कोंबला.

गाडीत मी म्हणालो, "इथे नको."

"का पण? खोली आजच मोकळी झालीये. उद्या नसेल."

"वास येतो."

"हे बघा, बाबा... हॉस्पिस आहे ते. अत्तराचं दुकान नाही!"

"मालिनी तिथे जाणार नाही."

इतकं ठाम मी क्वचितच बोललो असेन.

दुसरी जागा उशिरा मिळाली, तीही लांब. मयुरेश घुश्शातच होता. मी मात्र मनातून सुखावलो होतो. त्या घाणीतून तिला वाचवलं होतं.

नव्या जागी पहिल्याच संध्याकाळी तोच कोट खुर्चीला अडकवला आणि तिथली काडी कोकम सरबतात बुडवली. तिच्या आवडीचं.

तिने ओठ घट्ट मिटले.

"मालू, थोडंसं घे."

"अहो..." ती पुटपुटली, "आधी त्यांना द्या. केव्हाचे चोखताहेत."

"कोणाला?"

तिने फक्त नजर वळवली. माझ्या कोटाकडे.

चुक्...

मालिनी गेली. शेवटपर्यंत तिने माझ्या हातून थेंबही घेतला नाही.

रुमाल मी केव्हाच फेकला. कोट खाली तळघरात टांगलाय.

त्याचा खिसा अजून ओला असतो...