कपाळावरचा हात

निवृत्त झाल्यावर घर खायला उठलं, म्हणून मी शाळेमागच्या टेकडीवर मुलांना चित्रकला शिकवू लागलो. माझा नियम साधा आहे. नजर झाडावर, पेन्सिल कागदावर. चित्र पुरं होईपर्यंत खाली बघायचं नाही. माहीत आहे ते काढू नका, दिसतं ते काढा.

"मग आम्हाला डोळेच द्यायचे होते, कागद कशाला?" टाचणी म्हणाली. अंगानं बारीक आणि जिभेनं टोकदार, म्हणून टाचणी.

झाड वाऱ्यानं पिळवटलेलं, साल झडून हाडासारखं पांढरं पडलेलं. एक फांदी कमरेशी वळलेली, दुसरी वर जाऊन कोपरात मोडलेली. माझी बायको फाटकात अशीच उभी राहायची. एक हात कमरेवर, दुसरा कपाळावर, उन्हाला आडवा. मी वळणावर दिसलो की तो हात खाली यायचा, आणि दार नुसतं लोटून ती आत जायची.

ती गेल्यापासून ते झाड मला तसं दिसतं. कुणाला बोललो नाही. म्हातारा चळला म्हणतील.

लेक फोनवर मागे लागली होती. "बाबा, माझ्याकडे चला. एकटे काय करता तिथं?"

"बघू."

"तुमचं 'बघू' म्हणजे नाही. आईकडून शिकलेय मी."

काय सांगणार? तिची आई टेकडीवर उभी होती. तिला वाट बघत ठेवून माझा पाय निघत नव्हता.

एकदा मुलांचे कागद गोळा केले. न बघता काढलेली चित्रं वेडीवाकडी येतात, गंमत तीच असते. पण सगळ्या कागदांवर वरची फांदी कपाळाखाली उतरलेली होती.

"एकमेकांचं बघून काढलंत ना?"

"आजोबा, आपलं बघायची चोरी, दुसऱ्याचं कधी बघणार?"

पुढच्या तासाला ती फांदी खांद्याशी आली. त्याच्या पुढच्या तासाला छातीशी.

मी झाडाजवळ जाऊन फांदी चाचपली. कोरडी, टणक, जिथल्या तिथं.

"ही वरच आहे ना रे?"

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. मोठं माणूस चुकलं की मुलं पाहतात, तसं.

"आजोबा," टाचणी हळूच म्हणाली, "तुम्ही माहीत आहे ते बघताय."

मग मीही मांडीवर कागद घेतला. नजर झाडावर ठेवली. पेन्सिल आपली आपण चालत राहिली. थांबली, तेव्हा खाली पाहिलं.

हात खाली आला होता.

त्या संध्याकाळी लेकीला म्हटलं, "येतो." छातीवरचा दगड उतरला. तिच्या आईचं वाट बघणं संपलं होतं. आता मला निघायला हरकत नव्हती.

दुसऱ्या दिवशी शेवटचा तास घेतला. ऊन स्वच्छ होतं, झाड समोर पांढरं चमकत होतं. कागदांवर टेकडी होती, गवत होतं, दगड होते.

"झाड कुठंय?"

"आत गेलं," सगळ्यात धाकटी म्हणाली, आणि पेन्सिलीला टोक करू लागली.

मी उतरलो. वळणावर खिशात हात घातला. किल्ली होती. सकाळी घराला कुलूप लावून दोनदा ओढून पाहिलं होतं, हेही आठवत होतं.

दार नुसतं लोटलेलं होतं.