धरणाच्या उघड्या तळावर

साबीर माझ्या बहिणीचा पोरगा. पौडच्या स्टँडवर त्याची जीप असती, तुमी बघितली आसंल. त्याच्या तोंडून ऐकलं तसंच सांगतो. मधी हसायचं न्हाई.

दोन हजार चोवीसची गोष्ट. सात मे, मंगळवार, लोकसभेचं मतदान झालं ती रात. त्यात अमावास्या. बावधनच्या दयानंद सरांचा दुपारी फोन आला, "आज गाडी लागेल. रात्रभर." सर चित्रकार. दर हिवाळ्यात राजस्थानच्या वाळवंटात जायचे. तितले खडक, त्यावरचं आभाळ पयलं कॅमेऱ्यात टिपायचं, मग घरी येऊन रंगवायचं. म्हनायचे, "साबीरभाई, मे महिन्यात तुमचं धरण आटलं की इथंच वाळवंट होतं. लांब कशाला जायचं?"

खरं हाय ते. पाणी मागं हटलं की नुसता भेगाळलेला गाळ, दगडावानी कडक. झाड न्हाई का गवताची काडी न्हाई.

रातच्या अकराला दोघं धरणावर पोचले. जीप काठाला लावली, दोनशे पावलं आत जाऊन सरांनी स्टँडवर कॅमेरा बसवला. हातातली बॅटरी बंद केली.

"हा काळा दगड," सर म्हनले, "कोट्यवधी वर्षांपूर्वी तापलेला रस होता. आणि ती लाल ज्येष्ठा बघा. तिचा हा उजेड निघाला तेव्हा आपले खापरपणजोबाही जन्मले नव्हते."

"मग माणसाचं काय हितं?"

"काहीच नाही," सर हसले.

बाराला धा कमी होते.

डोंगरावरच्या दोन चांदण्या गेल्या. मग चार. ढग न्हवता. काळं कायतरी तारे झाकत वर चढत होतं. खांदे आसल्यासारखं. मग डोकं.

ज्येष्ठा विझली.

"सर… कोनतरी येतंय."

सरांचा डोळा कॅमेऱ्यालाच.

चुबुक… चुबुक… कोरड्या गाळात कुनी पाणी तुडवत यावं तसं.

साबीर पळाला. व्हय, पळाला. त्यानंच कबूल केलं. वीस पावलांवर मागनं आवाज आला, "पाय… साबीर, माझा पाय…"

तो थांबला. आन् माघारी फिरला.

मोबाईलच्या उजेडात बघितलं. सरांचा पाय गुडघ्यापातुर भेगंत. भेग बोटभर रुंद. त्यानं काखंत हात घालून ओढलं. जमीन सोडंना. डोक्यावर आता एकबी चांदणी न्हाई. आवाज थांबला… अगदी जवळ येऊन थांबला.

"बिस्मिल्ला," म्हनला, आन् सगळा जोर लावला.

हाड मोडल्याचा आवाज आला. पाय सुटला. सरांना खांद्यावर टाकून त्यानं जीप गाठली. मागं बघितलं न्हाई.

सर आता काठी घेऊन चालतात. रातच्याला खिडकी उघडू देत न्हाईत. कुनी इचारलं तर एवढंच म्हनतात, "मी पाय घातला नव्हता."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी साबीर धरणाकाठच्या गावातल्या कुशाबाला घेऊन कॅमेरा आणायला गेला. स्टँड तसंच उभं. त्याच्याजवळ अनवाणी पावलाचा एकच ठसा. हातभर लांब, कोपरभर खोल. कुशाबानं शेजारी पहार हाणली, तर पहार उडाली.

एवढं ऊन, पाणी अर्धा कोस लांब… आन् ठसा काठोकाठ भरलेला.

ठशाची बोटं रात्री जीप उभी होती तिकडं.