पाकाचा थेंब

रक्ततपासणीचं शिबिर घ्यायला निघालेल्या शिवांजलीची स्कूटी कऱ्हाडच्या अलीकडे, नेमकी वीरधवलच्या गुऱ्हाळापुढंच रुतली. साताऱ्याची पोरगी, नाक कायम वर. मदत मागेल तर शपथ!

"आवं मॅडम, चाकाला शिव्या देऊन गाडी निघत न्हाई," चुलवाणाच्या धुरकट जाळात उसाची चिपाडं सारता सारता वीरधवल हसला... आणि हसता हसता खोकू लागला.

गाडी काढून त्यानं तिच्या हातावर ऊन ऊन गूळ ठेवला. गुऱ्हाळावरनं कुणी रिकाम्या हातानं जायचं न्हाई, ही रीतच.

"तो खोकला कधीपासूनचा? शिबिरात या. फुप्फुसाच्या कर्करोगाची खूण रक्तात लवकर सापडते का, ते बघतोय आम्ही."

"गुळाच्या बदल्यात रगात? लय महाग पडला की!" मग त्याचा आवाज उतरला. "माझ्या बापाला ह्याच धुरानं खाल्लं. कळलं तवा उशीर झालता. मला कळायलाच नको."

तिनं उकळत्या रसाच्या काहिलीकडं बोट केलं. "पाक झाला, कसं ओळखता?"

"थेंब गार पाण्यात सोडायचा. गोळी धरली की काहील उतरवायची."

"आणि उशीर केला तर?"

"जळतो..."  दुपारी वीरधवल शिबिरात बाही सारून हजर.

पुढं गुळाच्या निमित्तानं तिच्या फेऱ्या वाढल्या. तिच्या घरच्या मुंग्यांचं भाग्य उजळलं! पण एके दिवशी ती आली, ती गूळ न मागता.

"रक्तात खूण दिसलीय. आजार आहेच असं नाही हं. थेंब बोलला, आता काहिलीत डोकवायचं. सांगलीला स्कॅन करू. मी येते."

सांगलीच्या दवाखान्यात तो बाकावर अवघडून बसला. "रिपोर्ट चांगला आला तर... घरची माणसं पाठवतो. तुमच्याकडं. मागणी घालाय."

"आणि वाईट आला तर?"

"तर न्हाई. तुमच्या नशिबाला कशाला..."

"माझं नशीब तुम्ही नका सांगू! होकार मी द्यायचाय, मशीननं नाही. पाठवायची तर आज पाठवा."

एवढ्यात आतून स्कॅनसाठी त्याच्या नावाची हाक आली. वीरधवलनं फोन कानाला लावला. "आये, साताऱ्याला जायाची तयारी कर... व्हय, आजच!"

मग फोन, कडं, गळ्यातला ताईत, सगळं तिच्या ओंजळीत ठेवून तो रिकाम्या हातानं आत गेला.

शिवांजलीनं ओंजळ मिटली. ताईत अजून ऊन होता.